नव्या बसमार्गावरील थांब्यांच्या जागा कशा ठरवाव्यात? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी पुण्याच्या दक्षिणेकडील उंड्री-पिसोळी भागात राहतो. उंड्री २०१७ मध्ये आणि पिसोळी २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. इमारती मात्र त्याआधीपासूनच उभ्या राहत होत्या आणि रस्ते त्यांच्या मागून तुकड्यातुकड्यांनी होत गेले. आमच्याकडच्या सुमारे दोन किलोमीटरच्या डीपी (विकास आराखड्यातील) रस्त्यावरून बस सुरू व्हावी, असा अर्ज काही सोसायट्या मिळून करणार आहेत. त्यासोबत थांब्यांच्या जागा सुचवणारा नकाशा जोडायचा असून ते काम माझ्याकडे आले आहे.

बैठकीत प्रत्येक सोसायटीने आपल्या प्रवेशद्वारासमोर थांबा मागितला. तसे केल्यास एवढ्याशा अंतरात अकरा थांबे होतील. शहरात दोन थांब्यांमध्ये साधारण ३०० ते ५०० मीटर अंतर ठेवतात, त्या हिशेबाने पाच-सहा पुरेत. बस थांबून, माणसे चढून-उतरून पुन्हा वेग घेईपर्यंत प्रत्येक वेळी जवळपास अर्धा मिनिट जातो, हे मी बैठकीत सांगून पाहिले; पण आपला थांबा सोडायला कोणी तयार नाही.

म्हणून दोन दिवस सकाळी साडेसहापासून मी रस्त्यावर उभा राहिलो. सिक्स सीटर रिक्षाची वाट पाहणारे बहुतेक लोक सोसायट्यांमधले नव्हतेच. ते मागच्या वस्तीतून येऊन मार्केट यार्ड आणि हडपसरकडे कामाला जाणारे होते. वस्ती आणि रस्ता यांच्यामध्ये एक लांबलचक सीमाभिंत आहे आणि ओढ्याजवळ तिला एक फट पडली आहे. बायका जेवणाचा डबा आधी फटीतून पलीकडे ठेवतात, मग साडी सावरत स्वतः बाहेर पडतात. नकाशावर वस्ती रस्त्यापासून २०० मीटरवर दिसते, पण उद्या ती फट बुजवली, तर त्यांना त्याच्या तिप्पट चालावे लागेल. थांबा तेथेच हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. बैठकीला मात्र त्यांच्यापैकी कोणालाच बोलावलेले नव्हते, आणि ही चूक आमची आहे.

अडचण जागेची आहे. ओढ्यावरचा पूल चौकापासून जेमतेम साठ मीटरवर असून त्यावर पदपथ नाही. चौक ओलांडल्यावर थांबा ठेवला, तर डावीकडे वळणारी वाहने बसच्या आडवी येत नाहीत आणि उतरलेले प्रवासी बसच्या मागून रस्ता ओलांडतात, हे मला पटते. परंतु बारा मीटरच्या दोन बस एकामागे एक आल्या, तर मागची चौकातच अडकणार नाही का? की अशा ठिकाणी चौकाच्या अलीकडचा थांबाच बरा?

दुसरा प्रश्न बससाठी पदपथ कापून आत जागा करण्याचा आहे. तेथे रिक्षा आणि मोटारी उभ्या राहतात, बस शेवटी रस्त्यातच थांबते आणि वयस्कर माणसांना पदपथावरून खाली उतरून ती पकडावी लागते. त्यापेक्षा पदपथच थोडा पुढे आणून बस सरळ मार्गिकेत उभी करावी, असे मला वाटते. प्रत्येक दिशेला दोनच मार्गिका असलेल्या रस्त्यावर हे योग्य ठरेल का?

परतीच्या दिशेचा थांबाही दुभाजकातील पंक्चरजवळच (रस्ता ओलांडण्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेजवळच) घ्यावा लागेल, नाहीतर लोक दुभाजकावरून उड्या मारतील. वाहतूक नियोजनाचे काम केलेल्यांनी किंवा आपल्या भागात असे थांबे मंजूर करून घेतलेल्यांनी कृपया लिहावे. येत्या रविवारी वस्तीतल्या लोकांनाही बोलावून हा नकाशा आम्ही पक्का करणार आहोत.