जांभ्याच्या भिंतीला ओल: दुरुस्ती करावी की घर पाडावं?

राजापूरकर: राजापूरजवळ आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. वडिलांनी मागे सिमेंटचं प्लास्टर करून वर ऑइलपेंट मारून घेतला. आता माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढलीय, लोणा (भिंतीतला क्षार) फुटून पोपडे पडतायत. कंत्राटदार म्हणतो, "पाडा नि स्लॅबचं बांधा, पन्नास वर्षं बघायला नको." धाकट्या भावाला पटलंय, आईला नाही. वाचेल का घर?

सातबारा: पाडा. कौलं परतायला माणसं मिळतात कुठे? त्यात माकडं.

वळचण: माकडांचं खरं आहे, पण त्यापायी घर पाडत नाहीत. रत्नागिरीत आमचं तिघांचं ऑफिस आहे, अशीच घरं हाताळतो. आणि खाऱ्या हवेत स्लॅबची सळई गंजते, तेव्हा ती पन्नास वर्षं लेखी मागा बघू.

जांभा सच्छिद्र. पाणी पितो, हवा लागली की सोडतो. सिमेंट आणि ऑइलपेंटनं ती वाट बुजली, म्हणून ओल वर सरकली. प्लास्टरला हात लावायच्या आधी बाहेर जाऊन बघा: पागोळ्या कुठे पडतात? अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेत का? जोतं किती उरलंय? दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. भिंतीलगतचे ब्लॉक दीडेक फूट उचला, खडी भरा, उतार बाहेर काढा.

दिवाळी झाली की सिमेंट खरवडा आणि मार्चपर्यंत भिंत उघडी ठेवा. पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू देत. मग चांगला मुरलेला चुना, पातळ थरांत. घाई केली की तडकतो, प्रत्येक थर ओला ठेवावा लागतो. वरून चुन्याचीच सफेदी. सुरुवातीची एकदोन वर्षं खालचा पट्टा झडेल. घाबरू नका, भिंतीतला क्षार तो ओढून घेतो आणि चिरा वाचतो. गवंड्यानं चुन्यात काम केलंय का, ते विचारा. मागच्या दाराशी दोन हात नमुना करून घ्या, मगच कामाचं ठरवा.

वाशांची भिंतीत शिरलेली टोकं ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आत वाळवी नाहीतर कूज. टोक गेलं म्हणून अख्खा वासा बदलायला लावतात, तसं करू नका. चांगला सुतार तेवढाच तुकडा सांधतो.

राजापूरकर: पेव्हर आहेत, जोत्याची जेमतेम एक पायरी उरलीय! माजघरात टाइल्सही आहेत. त्याही काढायच्या?

वळचण: सगळ्या नकोत. भिंतीकडची एक रांग काढून बघा. खालची माती ओली लागली तर जमिनीतलं पाणी टाइल्सखालून भिंतीकडे जातंय. फोटो टाका. आणि न्हाणीघर माजघराला लागून असेल तर तेही सांगा.