संपादकाने राष्ट्राध्यक्षांना खासगीत पत्र लिहावं का? (कझिन्स–केनेडी, १९६३)

शाईदौत

‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या अमेरिकन साप्ताहिकाचे संपादक नॉर्मन कझिन्स यांनी ३० एप्रिल १९६३ला राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्र लिहिलं. त्याआधी डिसेंबर १९६२मध्ये मॉस्कोत आणि १२ एप्रिलला काळ्या समुद्राकाठी ते सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना भेटले होते. केनेडींना हे माहीत होतं. एप्रिलच्या भेटीत तर कझिन्स त्यांचाच निरोप घेऊन गेले होते. पत्रात मागणी एकच: रशियन जनतेशी मैत्रीच्या सुरात बोलणारं, गेल्या महायुद्धात तिने काय सोसलं याची जाण असलेलं भाषण करा. १० जूनला वॉशिंग्टनच्या ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी’त केनेडी बोलले, त्यात सोव्हिएत युनियनचे किमान दोन कोटी मृत आणि उद्ध्वस्त झालेला एकतृतीयांश प्रदेश या गोष्टी ठळकपणे आल्या. ५ ऑगस्टला मॉस्कोत अणुचाचण्यांवरच्या मर्यादित बंदीच्या करारावर सह्या झाल्या.

करार चांगलाच होता. माझा आक्षेप संपादकाच्या भूमिकेला आहे. वाचक साप्ताहिक विकत घेतो ते स्वतंत्र मत मिळेल या भरवशावर. त्या काळात अग्रलेख लिहिणारा माणूस दोन सत्ताप्रमुखांचे निरोप पोचवत होता, आणि याची सगळी हकीकत पुस्तकरूपाने आली ती १९७२ साली. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ या दैनिकाचे संपादक होरेस ग्रीली यांनी २० ऑगस्ट १८६२ला गुलामगिरीच्या प्रश्नावर राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र लिहिलं ते थेट आपल्या दैनिकात छापून. लिंकननीही २२ तारखेचं उत्तर वृत्तपत्रातूनच दिलं. संपादकाने राष्ट्राध्यक्षांशी बोलायचं ते असं.

तळटीप

शाईदौत, तुम्ही पत्र घेतलंत, पण ज्या अडचणीमुळे ते लिहावं लागलं ती बाजूला ठेवलीत. चाचणीबंदीच्या वाटाघाटी एका आकड्यावर अडल्या होत्या. वातावरणातला स्फोट लपत नाही, त्याची किरणोत्सारी धूळ विमानातून गोळा करता येते. जमिनीखालच्या लहान स्फोटाचं तसं नाही. भूकंपमापकावर तो लहान भूकंपासारखा दिसू शकतो, आणि तेव्हाच्या यंत्रांना दर वेळी फरक सांगता येत नसे. म्हणून अमेरिकेला वर्षाला ठरावीक वेळा सोव्हिएत हद्दीत जाऊन जागेवर तपासणी हवी होती. तिचा आकडा आठ-दहावरून सातपर्यंत खाली आला. ख्रुश्चेव्ह मात्र अशी समजूत करून बसले होते की अमेरिकी वाटाघाटी करणाऱ्यांनी तीनला होकार दिला आहे. तेवढ्या तीनसाठी त्यांनी आपल्या मंत्रिमंडळाला राजी केलं, आणि मग सातचा आकडा पुढे आल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

हा गैरसमज छापील अग्रलेखातून कसा दूर करणार होतात? ‘ख्रुश्चेव्ह यांचा समजुतीचा घोटाळा झाला’ असं छापून आलं असतं, तर त्यांना घरच्या कट्टर मंडळींपुढे माघार घेताच आली नसती. कझिन्सनी निरोप दिला तो एवढाच: केनेडींच्या मते हा प्रामाणिक गैरसमज आहे, लबाडी नाही. असा निरोप बंद दाराआडच पोचतो.

जुना_अंक

ग्रीलींचं उदाहरण शाईदौत यांच्याच अंगावर येतं. लिंकननी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा २२ जुलैलाच मंत्रिमंडळापुढे वाचला होता. म्हणजे ग्रीलींना उत्तर देताना निर्णय तयार होता. तरीही उत्तरात त्यांनी लिहिलं की आपलं मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचवणं हे आहे, मग त्यासाठी गुलामगिरी राहो वा जावो. मसुद्याचा उल्लेखही केला नाही. प्राथमिक जाहीरनामा निघाला २२ सप्टेंबरला. सगळा व्यवहार छापून आला, आणि वाचकाला मुख्य गोष्टच कळली नाही. जाहीर पत्रामुळे पारदर्शकता येतेच, हे गृहीत धरू नये.

शाईदौत

मान्य, लिंकननी पत्ते उघड केले नाहीत. पण ग्रीलींनी काही लपवलं नाही. वाचकाशी करार संपादकाचा असतो, राष्ट्राध्यक्षांचा नव्हे. तपासणीच्या आकड्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तेवढ्यापुरती गुप्तता मी मान्य करतो.

खडूफळा

जाहीर की खासगी यावर परिणाम ठरतो, हेच मला पटत नाही. १९१३ साल पाहा. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी खात्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळं बसवणं सुरू झालं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या ‘द क्रायसिस’ मासिकाचे संपादक ड्यू बॉईस यांनी १९१२मध्ये विल्सनना पाठिंबा दिला होता. त्यांनी मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये मासिकातून खुली पत्रं लिहिली. त्याच वर्षी ऑस्वाल्ड गॅरिसन व्हिलार्ड हे पत्रकार विल्सनना खासगी पत्रं लिहीत होते. वंशप्रश्नावर राष्ट्रीय आयोग नेमा, ही त्यांची मागणी. विल्सननी आयोग नाकारला, आणि हे विलगीकरण कृष्णवर्णीयांच्याच हिताचं आहे असं उत्तर पाठवलं. दोन्ही वाटा वापरून झाल्या, धोरण हललं नाही. केनेडींना करार मुळातच हवा होता, म्हणून कझिन्सच्या पत्राला जागा मिळाली.

तरी माझं मत ड्यू बॉईसच्या पद्धतीला. नकार आला तरी त्यांचं पत्र वाचकांच्या हातात उरलं, आणि पाठिंबा देऊन आपली फसगत कशी झाली ते त्यांना तारखेनिशी कळलं. व्हिलार्डना आलेलं उत्तर दप्तरात गेलं.

दप्तरी

भारताची बाजू इथे येते. १ मार्च १९५४ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या अणुचाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली, आणि २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत उघडपणे चाचण्या थांबवण्याची मागणी केली. स्वतः कझिन्स १९४५च्या ऑगस्टपासून अणुबॉम्बविरुद्ध नावानिशी लिहीत होते. १९५७मध्ये चाचणीविरोधी संघटना उभी करणाऱ्यांतही ते होते. इतक्या वर्षांच्या जाहीर लेखनावाचून ख्रुश्चेव्हनी त्यांना दारात उभं केलं नसतं. खासगी पत्राची पत जाहीर लेखनातूनच आली होती.

आणि करारात काय राहिलं तेही बघा: तपासणीचा आकडा जुळलाच नाही. बंदी फक्त वातावरण, अंतराळ आणि पाण्याखाली. भूमिगत चाचण्या जोरात चालू राहिल्या. भारताने ८ ऑगस्टला सही केली होती, आणि १९७४चा पोखरणचा स्फोट जमिनीखाली असल्याने करारात बसला.

तळटीप

मग व्यवहारात नियम काय ठेवायचा? माझ्या मते तीन. निरोपाचं काम चालू असेपर्यंत त्या विषयावरचा अग्रलेख सहकाऱ्याने लिहावा. प्रत्येक भेटीचं टिपण त्याच दिवशी तारीख घालून करावं आणि प्रत आपल्याकडे ठेवावी, कारण अशा भेटीचा दुसरा कागद बहुधा नसतोच. आणि करारावर सह्या झाल्या की पुढच्याच अंकात आपण काय केलं ते सांगावं.

शाईदौत

तिन्ही मान्य. पण कझिन्स तिथे थांबले नाहीत. सह्या ५ ऑगस्टला झाल्या. ७ ऑगस्टला व्हाइट हाउसमध्ये केनेडींसोबत बसून, सेनेटमध्ये कराराच्या मंजुरीसाठी लागणारी दोनतृतीयांश मतं मिळावीत म्हणून करारासाठी झटणाऱ्या नागरिक समितीची मोहीम कशी चालवायची, हे ठरवणाऱ्यांत तेही होते. २४ सप्टेंबरला ८० विरुद्ध १९ने मंजुरी मिळाली. ख्रुश्चेव्हची अडचण तोवर संपली होती, गुप्ततेचं कारण उरलं नव्हतं. त्या सात आठवड्यांत कझिन्सनी संपादकपदावरून रजा घ्यायला हवी होती, या मतावर मी ठाम आहे.

तळटीप

रजा कशासाठी? समिती उघड होती, तिची भूमिका उघड होती, आणि कझिन्सचं मत अठरा वर्षं छापून येत होतं. जाहीरपणे बाजू घेणं हेही संपादकाचंच काम आहे.