मदत हवी आहे: मुलांच्या कौशल्याची पातळी कशी नोंदवायची?

कानसवाला: गुरुवारपर्यंत प्रत्येक लेकराची कौशल्य पातळी भरून द्यायची आहे. २० जण आहेत. दिलेल्या तक्त्यात नाव आणि पातळी एवढे दोनच रकाने. कोणाला किती द्यायची याचा काही नियम आहे का? सगळ्यांना सरसकट एकच आकडा टाकायला मन धजत नाही. तयार नमुना असेल तर लवकर टाका.

गोदाकाठ: सर, शाळा की आयटीआय? ट्रेड कोणता? एनएसक्यूएफची (राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीची) पातळी म्हणत असाल तर ती अभ्यासक्रमाची असते, लेकराची नाही. २०१३ ला १० पातळ्या होत्या, २०२३ च्या सुधारणेनंतर ८. पोरागणिक वेगळा आकडा तिथे बसायचाच नाही.

कानसवाला: आयटीआय, फिटर, पहिलं वर्ष. जालना जिल्हा.

शीटवाला_परभणी: गुगल शीट करा. ड्रॉपडाऊन लावला की रंग आपोआप बदलतो. माझी पाठवू का?

वाळूजकर: रंग बदलून काय होणार? आत काय भरायचं हाच प्रश्न आहे ना. मी टूलरूमला आहे. मार्कशीटवर नव्वदच्या वर असलेली पोरं येतात आणि कानस धरता येत नाही. मी जॉबला, म्हणजे पोरानं घासून केलेल्या तुकड्याला, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायला सांगतो. फट कुठे दिसते आणि कुठे घासायचं, हे पोरानं स्वतः सांगितलं की पोरगं कामाचं.

शीटवाला_परभणी: एका फटीवर पोराचं वर्ष ठरवायचं का? हजेरी, डायरी, तोंडी, सगळं धरावं लागतं.

बीडची_ताई: भाच्याला दहावीला ६१ टक्के आहेत, इलेक्ट्रिशियनला नंबर लागेल का?

गोदाकाठ: ताई, वेगळा धागा काढा, तिथे सांगते. सर, अंतर्गत मूल्यमापनाचे तीन पट्टे तुमच्या अभ्यासक्रमातच छापलेले आहेत: ६० ते ७५ टक्के, ७५ ते ९०, आणि ९० च्या वर. अचूकता आणि फिनिशिंग बघायचंच, पण सोबत लेकराला मदत किती लागली तेही. अधूनमधून लागली तर पहिला पट्टा, थोडीच लागली तर दुसरा, जवळपास नाहीच तर तिसरा. प्रात्यक्षिकाला पास व्हायला ६० लागतात, म्हणून खालचा आकडा जपून टाका. रोजच्या जॉबच्या नोंदीवरून हे निघतं. नोंदवही आहे ना?

कानसवाला: दोन महिन्यांची कोरी आहे. दुसरी तुकडीही माझ्याकडेच होती.

शीटवाला_परभणी: मग आठवून भरा. सगळे तेच करतात.

गोदाकाठ: अजिबात नको. पुढच्या परीक्षेपर्यंत या नोंदी तपासणीसाठी ठेवाव्या लागतात, आणि लेकराच्या नावावर खोटा आकडा जातो तो वेगळाच. जॉब कुठे आहेत? रोल नंबर पंच केलेत का?

कानसवाला: केलेत. पेटी उघडली, १७ सापडले. गंज पुसून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. रोल नंबर ११ वर्गात तोंड उघडत नाही, आठवून भरलं असतं तर मी तिला सगळ्यात खाली टाकलं असतं. तिचा ५० मिमीचा जॉब ४९.९६ आला आणि चारही कोपऱ्यांत उजेड दिसत नाही. मला फार वाईट वाटलं. पण मदत किती लागली हे जॉबवरून कसं कळणार?

वाळूजकर: उद्या नवा तुकडा द्या. शेजाऱ्याला विचारायचं नाही, तुम्हाला हाक मारली की नावापुढे एक रेघ.

कानसवाला: ज्या तिघांचे जॉब नाहीत त्यांचं?

गोदाकाठ: त्यांना दोन तुकडे द्या. आणि शेऱ्यात लिहा, जुना जॉब मिळाला नाही.