मदत हवी आहे: डच ‘गिफ्ट’ म्हणजे नक्की काय लिहू?

जर्मन शिकणाऱ्या मुलांसाठी तक्ता करतेय. स्पेलिंग एकच, जी-आय-एफ-टी. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष (बाटलीवर कवटी आणि खाली ‘गिफ्ट’!), स्वीडिशमध्ये उच्चार ‘यिफ्ट’, अर्थ विष आणि विवाहित, दोन्ही. सगळ्यांचं मूळ ‘देणे’. जर्मन ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा, हे वाचून तर मी थबकलेच.

अडलंय डचवर. शब्दकोशात ‘द गिफ्ट’ म्हणजे देणगी, ‘हेट गिफ्ट’ म्हणजे विष (‘द’ आणि ‘हेट’ ही डचमधली उपपदं, इंग्रजी ‘the’सारखी). पण विषाला नुसतं ‘गिफ’ही दिलंय. व्युत्पत्ती नको, तक्त्यात एकच ओळ मावते. नेदरलँड्स किंवा बेल्जियममध्ये राहणाऱ्यांनी कृपया सांगा: रोजच्या बोलण्यात विषाला कुणी ‘हेट गिफ्ट’ म्हणतं का, की ‘गिफ’च?