'सहवास', 'सहभागिता' की 'संगत'? ईस्टरनंतरच्या एका पत्रात अडलेला शब्द

गोदातीर (नांदेड)

एका शब्दापाशी चार दिवस अडलो आहे, म्हणून या चर्चेच्या धाग्यावर लिहितो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. मूळचे गुंटूरकडचे, रेल्वेत नोकरी करून नांदेडलाच स्थायिक झाले. घराणं तीन पिढ्यांपासून लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथातलं ख्रिस्ती. गुंटूरला 1842 साली हायर नावाचा मिशनरी आला, तिथून त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, सुरू झाली, हे ते आपल्या घरचा इतिहास सांगावा तसं सांगतात. त्यांच्या गावच्या मंडळीतून दर वर्षी ईस्टर झाल्यावर बाहेरगावी गेलेल्या माणसांना एक पत्र येतं. या वर्षी ते म्हणाले, "मास्तर, हे मराठीत करून द्या. नातवंडांना तेलुगू वाचता येत नाही." ते वाचून दाखवतात, अर्थ आपल्या दखनी हिंदीत सांगतात आणि मी मराठीत लिहून घेतो.

पत्र येशूचा शिष्य थोमा याच्याविषयी आहे. येशूचं पुनरुत्थान झालं त्या संध्याकाळी बाकीचे शिष्य दार लावून एकत्र बसले होते, तेव्हा थोमा तिथे नव्हता. "आम्ही प्रभूला पाहिलं" असं सगळ्यांनी सांगितलं, तरी त्याचा विश्वास बसला नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यात होता, आणि तेव्हा त्याला दर्शन झालं. पत्र लिहिणाऱ्या पाळकांचं म्हणणं असं की थोमाच्या शंकेवर सगळे बोलतात, पण शंका असूनही तो आठ दिवस त्या माणसांना धरून राहिला आणि त्या माणसांनीही त्याला बाहेर काढलं नाही, याकडे कुणी पाहत नाही. पुढचं वाक्य मी असं केलं: "विश्वास ज्याचा त्याला मिळतो, पण टिकतो तो सहवासात."

तेलुगूत शब्द 'सहवासमु' असाच आहे. मला वाटलं, आयता मिळाला. पण आजोबांची सून जालन्याची, मराठी ख्रिस्ती घरातली. तिने वाचलं आणि म्हणाली, "काका, देवळात असं कुणी म्हणत नाही. 'सहवास' नवराबायकोचा असतो. इथे 'सहभागिता' पाहिजे." आजोबांना वाईट वाटलं. शब्द तोच, अक्षरं तीच, मग तिकडे पवित्र आणि इकडे अवघड कसा?

मला 'सहभागिता' सरकारी वाटतो. ग्रामसभेतल्या लोकसहभागासारखा. काय करावं?

परभणीकर

सर, सुनेचा कान बरोबर आहे, पण कारण चुकलं. 'सहवास' म्हणजे एकत्र राहणं. वास म्हणजे वस्ती. 'संतांचा सहवास' आपण सहज म्हणतोच, त्यात नवराबायको कुठे आली? खरी अडचण ही की सहवासात काही करावं लागत नाही, नुसतं जवळ असणं पुरतं. झाडाच्या सहवासातही माणूस राहतो. बायबलमधल्या ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी हे सगळे शब्द वापरतात तो 'कोइनोनिया'. त्यात वाटा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीतले भागीदार, तिथे 'कोइनोनोइ' हाच शब्द आहे. एकत्र जाळं ओढणारी माणसं ती.

जालन्याची लेक

मी ती सून नाही, पण माहेर जालना आणि बोलणं अगदी तिच्यासारखंच. दर रविवारी उपासना संपताना आशीर्वादात "पवित्र आत्म्याची सहभागिता" ऐकत मी मोठी झाले. तुम्हाला तो सरकारी वाटतो, कारण तुम्ही तो सरकारी कागदात वाचलात. मला तो आजीच्या पदराच्या वासासकट आठवतो. आशीर्वाद झाला की ती पदर सावरून उठायची आणि दारात प्रत्येकाचा हात हातात घ्यायची. शब्दाला ऊब वापरामुळे येते, गोदातीर सर.

मात्र एक सांगते. आमची मंडळी स्कॉटिश मिशनची. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीच्या परंपरेतली. लुथरन लोकांची प्रार्थनेची भाषा वेगळी असू शकते. त्यांच्याकडे ईस्टर एका दिवसात संपत नाही, पन्नास दिवस चालतो, हे मला लग्नानंतर एका मैत्रिणीमुळे कळलं. पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे त्या पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत, वेदीवर पांढरं वस्त्र आणि ती मोठी मेणबत्ती.

अंबाजोगाई

मराठीत इतके सुंदर शब्द असताना हा खटाटोप का? पसायदानात 'ईश्वरनिष्ठांची मांदियाळी' आहे. ज्ञानदेव पैठणजवळच्या आपेगावचे, म्हणजे आपल्याच मातीतले. मांदियाळी म्हणजे समुदाय, मेळा. 'विश्वास टिकतो तो मांदियाळीत.' वाचून पाहा.

तेही नको असेल तर 'समागम' घ्या. संतसमागम.

जालन्याची लेक

दादा, 'समागम' शब्द आज तरुण पोरांसमोर वाचून दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा. 'सहवासा'वर आक्षेप घेणारी सून 'समागम' ऐकून पत्र मिटूनच ठेवेल.

अंबाजोगाई

मग हा दोष शब्दाचा की आपला? शेकडो वर्षं कीर्तनात चाललेला शब्द वैद्यकीय पुस्तकांनी आणि वर्तमानपत्रांनी पळवला आणि आपण तो मुकाट सोडून दिला. असे एकेक शब्द सोडत गेलो तर उद्या 'संग'ही जाईल.

जुनं औरंगाबाद

शब्द पळवून नेता येत नाहीत, सर. लोक जिथे नेतात तिथे ते जातात. 'मंडळी'चंच बघा. माझे आजोबा "आमची मंडळी माहेरी गेली" म्हणत, म्हणजे आजी. ख्रिस्ती बांधव चर्चला मंडळी म्हणतात. या धाग्यावरचे आपण सगळे पण मंडळीच. तिन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात, कुणाला अडचण होत नाही. वाक्य अर्थ सांभाळून घेतं.

आणि शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना विनंती, की 'सोबत' या शब्दाचाही विचार व्हावा. अरबी 'सोहबत'वरून आला, फारसीतून. आपला मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता. घरात, बाजारात, कचेरीत हे शब्द मुरलेले आहेत. "रात्री झोपायला कुणाची सोबत आहे का?" असं माझी आई विचारायची. या प्रश्नात जी काळजी आहे ती सहवासातही नाही आणि सहभागितेतही नाही.

अंबाजोगाई

'सोबत' मलाही प्रिय आहे. माझा आक्षेप फारसीला नाही, आळसाला आहे. हल्ली तर सरळ 'फेलोशिप' म्हणतात. "आज संध्याकाळी आमच्या घरी फेलोशिप आहे." हे कशासाठी?

बालाघाट

कारण त्या शब्दाने काम भागतं, म्हणून. बीडजवळच्या आमच्या गावातलं ख्रिस्ती कुटुंब असंच म्हणतं. बुधवारी संध्याकाळी दहाबारा जण जमतात, गाणी, वाचन, प्रार्थना, मग चहा-पोहे. ते प्राध्यापकाला मिळते ती फेलोशिप नव्हे, हे गावातल्या लहान पोरालाही कळतं.

मोंढा

मी नांदेडचाच. गोदातीर सर, तुमच्या घरापासून गुरुद्वारा किती लांब असेल? तिथे रोज लाउडस्पीकरवर 'साधसंगत' कानावर येतं. जमलेली सगळी भाविक माणसं म्हणजे संगत. तिच्याशेजारी पंगत. पंगत तर 'पंक्ती'वरूनच आली. एका ओळीत बसून एकच अन्न खाणं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्या मंडळीचं वर्णन आहे, शिक्षण, एकमेकांना धरून राहणं, भाकर मोडणं आणि प्रार्थना. त्यात भाकर आहे की नाही? मग संगत-पंगत एवढा जवळचा जोड कुठे मिळेल?

परभणीकर

'संगत' चांगला आहे. पण मराठीत "संगत वाईट" हे आधी ऐकू येतं. पोरगं बिघडलं की संगतीने बिघडलं. आणि तबल्याची संगत, तीही दुय्यम. 'बंधुभाव' म्हणावं तर लगेच 'भाऊबंदकी' आठवते. मराठीत एकत्र राहण्याच्या बहुतेक शब्दांना एक काटा असतोच.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. काल आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. भाकरीचा मुद्दा ऐकून ते म्हणाले, त्यांची आई रोज तांदूळ धुण्याआधी एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याने ते मडकं देवळात जायचं आणि ज्याच्या घरी चूल पेटत नसेल त्याच्याकडे तिथून तांदूळ जायचे. कुणाकडे गेले हे आईलाही माहीत नसायचं. "हमारे यहाँ सहवासमु बोले तो वो मटका," असं म्हणाले.

'मडकं' तर लिहिता येत नाही. पण तेव्हापासून मला नुसता 'सहवास'ही पुरेसा वाटेनासा झाला आहे.

बालाघाट

मग 'सावड' का नाही?

माझ्या वडिलांकडे एकच बैल होता. पलीकडच्या मळ्यातल्या काकांकडेही एकच. दोघं सावड करायचे. दोन घरचे दोन बैल मिळून एक औत. आज आमचं रान, उद्या त्यांचं. हिशेब कुणी लिहिला नाही. एका वर्षी ऐन पेरणीत वडील तापाने पडले, तर काकांनी आमचं रान आधी पेरलं आणि मग स्वतःचं. परभणीकरांनी जाळ्याचे भागीदार सांगितले ना, त्यांना आमच्याकडे सावडी म्हणतील. "विश्वास टिकतो तो सावडीत." आमच्या गावात हे वाचलं तर कुणालाही फोड करून सांगावी लागणार नाही.

धाराशिवची

आमच्याकडे याला वारंगुळा म्हणायचे. आणि ज्या दिवशी सगळा गाव एकाच्याच रानात उतरायचा आणि रात्री त्याच्याकडे जेवण असायचं ते इर्जिक. सावडीत फेड असते, इर्जिकीत नसते, फक्त जेवण असतं. पत्रात फेडीची भाषा नको असेल तर इर्जिक बरा.

अंबाजोगाई

'सावड' सह आणि आवड यांपासून झाला असावा. आवडीने एकत्र येणं.

परभणीकर

सर, ही ओढूनताणून केलेली व्युत्पत्ती आहे. ज्याच्याकडे दुसरा बैल नाही तो आवडीने नाही, गरजेने येतो. आणि तेच इथे महत्त्वाचं आहे. थोमाला त्या माणसांची गरज होती.

जालन्याची लेक

थांबा. 'सावड' वाचल्यावर मला आधी 'सावडणं' आठवलं. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन राख सावडतात ते. ईस्टरच्या पत्रात हा शब्द? आमच्या घरी दफन करतात, तरी शेजारपाजारच्यांसोबत 'सावडायला' गेलेली आम्ही माणसं आहोत. माझ्या मनाला ते लागलं.

बालाघाट

ताई, दुखावलं असेल तर माफ करा. मी बैलांचाच विचार करत होतो.

जुनं औरंगाबाद

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे चुकलो तर सांगा. तिसऱ्या दिवशी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे गेलेल्या त्या बायकाही एका अर्थाने सावडायलाच गेल्या होत्या ना? उरलेलं नीट करायला. आणि तिथे सावडायला काही नव्हतंच. मला तर हा शब्द तिथे फार खरा वाटला.

जालन्याची लेक

दादा, हे दोनदा वाचलं. तरीही छापील पत्रात तो शब्द नको, असंच म्हणेन. पण पुढच्या ईस्टरला आईच्या कबरेवर फुलं ठेवताना तुमचं वाक्य आठवत राहील.

मोंढा

एक अगदी चपखल संदर्भ देतो. हाच वाद जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने स्वतः घातलेला आहे. 1529 सालच्या 'मोठी प्रश्नोत्तरी' या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, विश्वासांगिकारातल्या (उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतल्या) 'पवित्र जनांची सहभागिता' या शब्दांपाशी तो थांबतो. जर्मन भाषांतरात 'गेमाइनशाफ्ट' होतं. त्याचं म्हणणं, असं जर्मन कुणी बोलत नाही आणि कुणाला ते समजतही नाही. तिथे 'गेमाइन्डे' हवं, म्हणजे जमलेली माणसं, मंडळी. भाववाचक नाम नको, हाडामांसाची माणसं हवीत. चर्चसाठीचा 'किर्शे' हा शब्दही त्याला अस्सल जर्मन वाटत नव्हता. पण पुढे तोच म्हणतो की शब्द रूढ झाला आहे, उपटून काढणं सोपं नाही, आणि एक शब्द बदलला की लगेच पाखंड ठरतं.

परभणीकर

म्हणजे लुथरच्या न्यायाने उत्तर 'मंडळी' असं येतं. "विश्वास टिकतो तो मंडळीत." इतका वेळ शब्द समोरच होता. सरांनी सुरुवातीलाच वापरलाय.

अंबाजोगाई

पण मग 'विश्वास' तरी का? 'श्रद्धा' का नाही? किंवा 'भाव'?

जालन्याची लेक

कारण श्रद्धा कशावरही ठेवता येते, विश्वास कुणावर तरी ठेवावा लागतो. समोर माणूस लागतो. आम्ही स्वतःला 'विश्वासणारे' म्हणतो, 'श्रद्धाळू' म्हणत नाही.

बालाघाट

आमच्याकडे 'भरवसा'. "तुझ्या भरवशावर पोरं टाकून चालले."

अंबाजोगाई

'भरवसा' आणि हिंदी 'भरोसा' यांत आधी कोणता? माझ्या मते मराठीतला जुना असावा. यावर कुणाकडे काही असेल तर लिहा.

गोदातीर

पत्र पुढच्या रविवारपर्यंत द्यायचं आहे. काल सून आणि आजोबा दोघांसमोर तिन्ही वाक्यं ठेवली. सुनेने 'सहभागिता'वर बोट ठेवलं. आजोबांनी 'मंडळी' दोनदा म्हणून पाहिलं, मग म्हणाले, "उसमें मटका किधर है?"

धाराशिवच्या ताई, इर्जिकीच्या रात्री जेवायला काय असायचं, ते जरा सविस्तर लिहाल का? आजोबांना ऐकायचं आहे.

धाराशिवची

लिहिते की. ज्वारीच्या भाकरी, त्याही एका घरच्या नसायच्या. चार चुलींवर थापायच्या आणि दुरडीत एकत्र यायच्या. कुठली कुणाची, ते खाताना कळायचं नाही.