रुफिनो तमायो : लोककलेतून नेमकं काय घेतलं? आणि मिक्सोग्राफिया म्हणजे काय?

शाईचेहात : प्रिंटमेकिंगच्या (छापचित्रांच्या) असाइनमेंटला मेक्सिकन चित्रकार तमायो घेतलाय. सगळीकडे "लोककलेची प्रेरणा" एवढं लिहून मोकळे होतात, पण ती तर मेक्सिकोच्याच भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरानेही घेतली ना, मग वेगळं काय? आणि त्याचं ते मिक्सोग्राफिया छापतंत्र म्हणजे नुसतं एम्बॉसिंगच (कागद दाबून उठाव आणणं) का?

भिंतवेडा : अरे जमीनअस्मानाचा फरक आहे. रिव्हेराला गोष्ट सांगायचीय, म्हणून तो बाजार, सण, शेतकरी असं सगळं भिंतीवर आणतो. तमायो फक्त आकार आणि रंग उचलतो. मूळचा मेक्सिकोतल्या वाहाकाचा, त्यात १९२१ पासून पुरातत्त्व संग्रहालयात ड्रॉइंगची नोकरी, रोज समोर जुनी मातीची भांडी नि मूर्ती, मग हाताला वळण लागणारच की. त्याचं १९४१ चं 'अ‍ॅनिमल्स' बघ, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. पश्चिम मेक्सिकोतल्या थडग्यांत मातीची कुत्री सापडतात, चांगली गुबगुबीत असतात, ह्याची कुत्री मात्र दात विचकून उभी आणि पुढ्यात हाडं पडलेली. महायुद्धाचा काळ, पण प्रचाराचं एक अक्षर नाही. रिव्हेरा, ओरोझ्को, सिकेरोस या भित्तिचित्रांतल्या तिघा मोठ्यांना नेमकं हेच खटकायचं, त्यांना भिंत क्रांतीसाठी हवी होती.

कोरीव_काम : ओरोझ्कोला त्यात नका ओढू, तो कोणाच्याच कळपातला नव्हता. खरा राग सिकेरोसचा. आणि तमायोने म्युरल (भित्तिचित्र) सोडलं असंही नाही हां, १९६४ चं 'दुआलिदाद' (म्हणजे द्वैत) मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे, पिसांचा साप आणि जग्वार एकमेकांना भिडलेत, दिवस विरुद्ध रात्र. भाषण नाही काही नाही, तरी पुरेपूर मेक्सिकन.

प्रेसवाली : एम्बॉसिंगमध्ये तयार कागद दाबतात, इथे कागदच प्लेटवर घडतो. तमायो रंगात वाळू, संगमरवराची भुकटी घालायचा, तोच खरखरीतपणा त्याला प्रिंटमध्ये हवा होता, म्हणून १९७० च्या दशकात लुईस रेम्बा या मुद्रकाने हे तंत्र काढलं. आधी मेणात वगैरे उठावाचं मॉडेल, त्यावरून तांब्याची प्लेट, तिच्यावर शाई, वर कापसाचा ओला लगदा आणि मग प्रेसचा दाब, रंग आणि उठाव एकदमच येतात. त्याची कलिंगडं या तंत्रात बघ, आई गेल्यावर तो मेक्सिको सिटीत फळांचा धंदा असलेल्या नातेवाइकांकडे वाढलाय, तो गर उगाच नाही जमलेला.

शाईचेहात : भारी! आमच्या साध्या एचिंग प्रेसवर ओला लगदा चालेल का पण?

प्रेसवाली : प्रेसमधल्या फेल्टची (लोकरी कापडाची) वाट लागेल, सर ओरडतील ते वेगळंच. त्याचे १९२० च्या दशकातले वुडकट (लाकडी ठशांची छापचित्रं) घे, ते तुमच्याकडे आरामात होतील.