मदत हवी आहे: प्रवाळातून शिडाची होडी नेलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीचा. घाट उतरून गोव्याला जाऊन दोन वर्षं शिडाची होडी शिकलो, तीही मांडवीच्या पात्रात. घरचे म्हणतात, राकसकोप धरणाच्या पाण्यावर वाढलेल्याला समुद्राचं वेड कुठलं!

ऑगस्टमध्ये भाच्यासोबत ऑस्ट्रेलियाच्या व्हिटसंडे बेटांत छोटी यॉट भाड्यानं घेतोय. तिथं ७४ बेटं आहेत. परवाना लागत नाही, माहिती देऊन होडी हातात देतात. मला तर याचीच जास्त भीती वाटते.

खरी अडचण प्रवाळाची. पाण्याचा रंग बघून वाट काढायची हे कळलं: गडद निळं म्हणजे खोल, तपकिरी दिसलं की खाली प्रवाळ. त्यासाठी ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे हवं. पण ऑगस्टमध्ये तिथला सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो, आणि आम्हाला उत्तरेकडेच जायचंय! चकाकी थेट डोळ्यांवर. पोलराइज्ड चष्मा पुरतो की असा टप्पा सकाळीच उरकावा?

दुसरं, नांगर. भरती-ओहोटीत तीनेक मीटर फरक पडतो म्हणे. ओहोटीला आठ मीटर पाणी असेल तर साखळी भरतीचे अकरा धरूनच सोडायची ना? पाचपट म्हटली तर पंचावन्न मीटर होते. शेजारी दुसरी होडी असेल तर नांगराभोवती होडी फिरण्याचा एवढा घेर कसा सांभाळता? होडी बांधायच्या निळ्या सरकारी बोयांना (तरंगत्या खुणांना) बांधणं सोपं दिसतं, पण त्या भरलेल्या असल्या तर?

कुणी अंदमान-लक्षद्वीपकडं केलं असेल तरी सांगा की ओ.